ठवरे सरांचा फरक

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी केतकी मुळावकरच्या पडद्यावर ठवरे सरांच्या नावापुढचा आकडा पहिल्यांदा नारिंगी झाला. तिने तो पाहिला आणि ती चहा घ्यायला गेली. नारिंगी म्हणजे काही फार नव्हे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं मूल तापाने फणफणलं, की चार-सहा दिवस आकडा नारिंगी होतो आणि पुन्हा आपला आपण हिरवा होतो. पण चहा घेऊन ती जागेवर आली तोवर आकडा आणखी चढला होता.

केतकी नागपुरात 'सेतुमित्र' नावाच्या कंपनीत व्यवस्थापक होती. विदर्भातली कोणती रुग्णवाहिका कोणत्या गावाहून निघून कोणत्या दवाखान्यात जाईल हे ठरवणारी संगणक-प्रणाली ही कंपनी सांभाळायची. काम चोवीस तासांचं आणि चुकून चालणार नाही असं. केतकीच्या हाताखाली नऊ माणसं होती आणि त्यांत वयाने सगळ्यांत मोठे धनंजय ठवरे. कॉलेजातून बाहेर पडून ती इथे लागली तेव्हा हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे ती वर चढली. ठवऱ्यांनी व्यवस्थापक व्हायला दोनदा नकार दिला. त्यामुळे ती त्यांची साहेब झाली, तरी 'सर' मात्र तेच राहिले. ती त्यांना अहो म्हणायची, ते तिला अगं म्हणायचे आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आकडा होता 'फरका'चा, आणि तो काढणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं 'अंदाज'.

माहिती-प्रणालीचं काम करणाऱ्यांवर देखरेख कशी करायची, हा प्रश्न संगणक आले तेव्हापासूनचा आहे. गवंडी दिसतो, त्याची भिंत कुठवर आली तेही दिसतं. पण खिडकीबाहेर बघत बसलेला प्रोग्रॅमर कामात आहे की कुठे हरवलाय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तास मोजले तर लोक खुर्च्या तापवतात. लिहिलेल्या ओळी मोजल्या तर ओळी वाढतात, अक्कल वाढत नाही. दुरुस्त केलेल्या चुका मोजल्या तर दुरुस्त करण्याजोग्या चुका आधी पेरल्या जातात. तीन पिढ्यांचे व्यवस्थापक या चक्रात फिरत राहिले.

'अंदाज'ने मोजायची गोष्टच बदलली. काम करण्याची प्रत्येकाची एक चाल असते. कोणी आधी शेवटचं पान उघडतो, कोणी लिहून-खोडून पुन्हा तेच लिहितो, कोणी अवघड जागी येण्याआधी क्षणभर थांबतो. कळफलकावरचे ठोके, मधले थांबे, पडद्यावरून फिरणारी नजर, सोबत लिहिलेल्या टिपा, हे सगळं वर्षभर नोंदवलं की त्यातून त्या माणसाची एक प्रतिकृती तयार होते. तो आता पुढे काय करील, हे ती प्रतिकृती सतत ओळखत राहते. तिने ओळखलेलं आणि माणसाने खरोखर केलेलं यांच्यातलं अंतर, तो फरक. थोडक्यात, माणूस आज स्वतःला किती अनोळखी वाटतोय याचं ते माप होतं.

व्यवस्थापनाला ते आवडलं, कारण त्यात भांडायला जागा नव्हती. तुमची तुलना शेजाऱ्याशी नाही, तुमच्याशीच. फरक फार वाढला तर माणूस दुसरी नोकरी शोधतोय, नाहीतर कामातून मन उडालंय, नाहीतर काही दडवतोय, असं साधारण निघायचं. मग व्यवस्थापकाने त्याची 'विचारपूस' करायची. या बैठकीचं अधिकृत नावच ते होतं. व्यवस्थापकांचीही प्रतिकृती असायची. केतकीचा आकडा कायम गडद हिरवा. पुण्याच्या बैठकीत एकदा त्याचं कौतुक झालं होतं.

तिने ठवरे सरांची विचारपूस कॅन्टीनमध्येच केली. कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांबारवडीचा दिवस होता.

"सर, तुमचा फरक चढलाय."

"चढू दे. वयही चढून राहिलं." त्यांनी वडी कढीत बुडवली. "काय म्हणते तुझं यंत्र? पळून जाऊन राहिलो म्हणते?"

"काही म्हणत नाही. नुसता आकडा दाखवतं. झोप नीट होते ना?"

"होते नं. वनिता तर म्हणते जास्तच होते." मग ते थोडे थांबले. "एक झालं मागच्या आठवड्यात. एकच फाइल पुन्हा पुन्हा उघडली मी. कशासाठी उघडली तेच आठवेना. म्हटलं, कोणी मागे उभं राहून बघत असलं की माणूस असाच बावरतो."

दोघं हसली. जागेवर येऊन केतकीने नोंद केली : वैयक्तिक, तात्पुरते.

दोन दिवसांनी पुण्याहून हेमांगी प्रभुदेसाई पडद्यावर आल्या. त्या कंपनीच्या संचालक होत्या. आवाज नेहमी मऊ, वाक्यं नेहमी पूर्ण. ठवऱ्यांचा आलेख त्यांच्यासमोर होता.

"हा नोकरी सोडणाऱ्याचा आलेख नाही केतकी. 'अंदाज'वाल्यांनी स्वतःहून फोन केला मला. टिपांमधले नेमके शब्द जाताहेत आणि त्यांच्या जागी 'ते', 'हे', 'ती गोष्ट' असं येतंय. वाक्यं आखूड होताहेत. पूर्वी एका दमात व्हायची अशी दोन कामं असतात ना, त्यांच्या मध्ये आता थांबा पडतोय. इतर ठिकाणी असे आलेख ज्यांचे आले, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे विस्मरणाचा आजार निघाला. कळायला वर्ष-दोन वर्षं लागली, पण निघाला."

"मग त्यांना सांगायला हवं."

"काय सांगणार? आपण डॉक्टर नाही. कामाच्या नोंदी फक्त कामासाठी वापरायच्या, असं करारात स्पष्ट आहे. उद्या हे खोटं ठरलं तर? आणि खरं ठरलं तरी, तुम्ही आमच्या डोक्यात डोकावलात कसे, असं ते विचारू शकतात. कायदा विभागाचं म्हणणं, सांगायचं नाही. रुग्णवाहिकांची प्रणाली मात्र त्यांच्या हातात ठेवता येणार नाही. अधिकार हळूहळू कमी करायचे. त्यांना लागणार नाही अशा बेताने."

केतकीने ते वहीत लिहून घेतलं.

"तुम्हाला अवघड जाईल, याची कल्पना आहे मला."

"नाही, करते मी," केतकी म्हणाली.

आणि खरंच अवघड गेलं नाही. दुपारी तिने या आजाराबद्दल थोडं वाचलं. नवी इंजेक्शनं निघाली होती. त्यांनी आजार बरा होत नव्हता पण बराच काळ थोपवता येत होता, मात्र अगदी सुरुवातीला दिली तरच. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, बंद केलं आणि साडेतीनच्या बैठकीला गेली. आत काहीतरी हलायला हवं होतं, असं तिला वाटलं. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला आहे हे डोळ्यांना दिसतं पण जमिनीला टेकल्याचं कळत नाही, तसं काहीसं होतं ते.

पहिल्यांदा तिने ठवऱ्यांचे थेट प्रणालीत बदल करायचे अधिकार काढले. मग जुन्या नोंदी तपासायचं काम त्यांना दिलं. मग त्यांची प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाईल अशी व्यवस्था केली. दर वेळी पडदा विचारायचा, 'मंजूर?' आणि ती मंजूर करायची.

"मला हलकं काम देऊन राहिली तू," ठवरे एकदा म्हणाले.

"सगळ्यांचंच फिरवतेय, सर."

"असं होय," ते म्हणाले आणि जागेवर गेले.

दिवाळीत ती दरवर्षीसारखी त्यांच्या घरी फराळाला गेली. वनिताताई शाळेत भूगोल शिकवायच्या. बोलायला मोकळ्या, पण त्या दिवशी चिवड्याची ताटली पुढे ठेवून बराच वेळ नुसत्या बसल्या. सर गच्चीवर शेजाऱ्यांशी गप्पा मारत होते.

"केतकी, एक विचारू? ऑफिसात हे बरे असतात नं?"

"का हो?"

"परवा बाजारातून येताना आपल्या गल्लीशी वळायचं सोडून सरळ गेले. मी म्हटलं, अहो कुठे? तर म्हणाले, जरा चक्कर मारू. पण त्यांचा चेहरा चक्कर मारायचा नव्हता." वनिताताईंनी पदराची कड बोटाला गुंडाळली. "घरात असं काही काही होतं. म्हटलं ऑफिसात ठीक असतील, तर मग मीच उगाच बाऊ करून राहिली."

"ऑफिसात चांगले आहेत," केतकी म्हणाली. "थोडे थकलेत. या वयात सगळ्यांचंच होतं."

वनिताताईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी तिला आणखी एक अनारसा वाढला आणि तिने तो खाल्ला. परतताना सिग्नल हिरवा झाला तरी ती थांबूनच राहिली. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा निघाली. तिचे यजमान शिरीष भोपाळला नोकरीला होते. रोजच्या फोनवर त्यांनी विचारलं, "काय विशेष?" "काही नाही," ती म्हणाली. तिला ते खोटं वाटलं नाही.

डिसेंबरात एक नवल झालं. ठवरे सरांचा फरक उतरू लागला. नारिंगीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. नाताळच्या सुमाराला तर तो चमूतल्या सगळ्यांपेक्षा कमी होता.

"झाकोळ गेला म्हणायचा," प्रभुदेसाई म्हणाल्या. "'अंदाज'वाल्यांनाही आश्चर्य वाटतंय. आपण बोललो नाही ते बरंच झालं. अधिकार परत द्यायला सुरुवात करा."

केतकीने अधिकार परत दिले. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तेही वाटलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठवरे तिच्या खोलीत आले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं. असं ते कधी करत नसत. हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"केतकी, ते अधिकार परत घे."

"का, सर? तुमचा फरक तर सगळ्यांत कमी आहे."

"त्याच्यासाठीच म्हणतो." ते खुर्चीत बसले. "माझ्या जुन्या कामाच्या नोंदी आपल्याकडे आहेत नं? त्या तपासायचं काम तूच दिलं मला. मी त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो मला बाजूला दाखवत राहतो : मागच्या वर्षी अशा वेळी तू काय केलं होतं, कुठे थांबला होता, टिपेत कोणता शब्द लिहिला होता. मी बघतो आणि तसंच करतो. दोन महिने झाले, मी माझीच नक्कल करून राहिलो."

केतकीने पडद्यावरचा त्यांचा हिरवा आकडा पाहिला.

"आकडा खाली आला. म्हटलं, जमलं. पण काल भंडाऱ्याकडून नवीन तक्रार आली. अगदी नवीन, मागे तसं कधी झालंच नव्हतं. बाजूचा पडदा कोरा. आणि मला..." त्यांनी हात उघडून दाखवला. तळहात रिकामा होता. "मला काहीच सुचलं नाही. अर्धा तास बसलो. तिकडे गाड्या उभ्या असतात, केतकी. माणसं असतात त्यांत. माझ्या हाती नको ठेवू ते. मला काय होऊन राहिलं ते मला समजत नाही, पण काहीतरी होऊन राहिलं."

बाहेर कुणीतरी हसलं. प्रिंटर सुरू झाला आणि थांबला.

"सर," केतकी म्हणाली, "विस्मरणाचा आजार असू शकतो. सुरुवात असेल. तुमच्या आलेखावरून त्यांना तसं वाटलं. इंजेक्शनं आहेत, पण ती लवकर सुरू करावी लागतात."

हे सगळं ती एका सुरात बोलली, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं. ठवरे ऐकत होते. ते कामाचं ऐकताना मान थोडी डावीकडे कलती करत. आताही केली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्यापासून."

त्यांनी टेबलावरचा डबा सरळ केला. मग म्हणाले, "दिवाळीत वनिताने तुला विचारलं होतं. मला सांगितलं तिने. काय म्हणाली होती तू?"

"ऑफिसात चांगले आहेत, म्हटलं."

"हं," ते म्हणाले. ते उठले. दाराशी जाऊन वळले. "वनिताला मी सांगतो. तू नको सांगू." डबा टेबलावरच राहिला.

केतकीने त्याच दुपारी प्रभुदेसाईंना फोन करून घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं बोलणंही. नोकरी जाईल, निदान चौकशी बसेल, असं तिने धरलं होतं.

"बरं," प्रभुदेसाई म्हणाल्या. "तपासणी करून घ्या, असं सुचवणारं पत्र तयार आहे कायदा विभागाकडे. संध्याकाळपर्यंत ठवऱ्यांना मिळेल. आम्ही जानेवारीच धरला होता."

"म्हणजे?"

"तुमची प्रतिकृती, केतकी. तुम्ही आधी सगळं पाळाल आणि जानेवारीच्या आसपास त्यांना सांगाल, असा दसऱ्यालाच अंदाज होता. त्याप्रमाणे तयारी ठेवली होती. तुमच्यावर कुणाचा राग नाही. तुमचा या आठवड्याचा फरकसुद्धा हिरवाच आहे."

केतकीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगणार हे तुम्हाला माहीत होतं, तर दसऱ्यालाच का नाही सांगितलं त्यांना? तीन महिने गेले."

"तुम्ही सांगणार होता ना," प्रभुदेसाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

तपासण्या झाल्या आणि आजार निघाला. दवाखान्यात केतकी सोबत गेली होती. वनिताताईंनी डॉक्टरांना विचारलं, "तीन महिने आधी आलो असतो तर?" डॉक्टर जपून म्हणाले, "जितकं लवकर तितकं बरं असतं. पण आता आलात, तर आतापासून सुरू करू." वनिताताईंनी केतकीकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा केली. केतकीची गाडी समोर उभी होती, तरीही.

फेब्रुवारीच्या अखेरीस ठवरे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस घेतला गेला नाही. त्यांची प्रतिकृती होतीच, दसऱ्याआधीच्या चांगल्या वर्षाची. आजवर ती नुसती पुढचं पाऊल ओळखत होती, आता तिला पाऊल टाकायची परवानगी मिळाली. करारात तशी तरतूद निघाली. प्रणालीतल्या दुरुस्त्या पुन्हा ठवऱ्यांच्या नावाने येऊ लागल्या. अवघड जागी ते पूर्वी 'इथे जपून' अशी टीप लिहायचे. तशी टीपही येऊ लागली. यादीत त्यांचं नाव होतं आणि नावापुढे जवळजवळ शून्य. केतकी त्या दुरुस्त्या तपासायची आणि मंजूर करायची.

एवढी एकच अट होती की नोकरीतून गेलेल्या माणसाची प्रतिकृती चालवायची, तर त्याला सगळ्यांत जवळून ओळखणाऱ्या वरिष्ठाने दर तिमाहीला साक्ष द्यायची : ही प्रतिकृती त्याच माणसाप्रमाणे काम करते. मे महिन्यात पहिल्या साक्षीची वेळ आली. प्रभुदेसाईंनी आठवण करून दिली, औपचारिकता आहे म्हणाल्या.

केतकी त्या रविवारी ठवऱ्यांकडे गेली. दवाखान्यानंतर ती प्रथमच जात होती. उन्हं इतकी होती की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वनिताताईंनी दार उघडलं, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि बाजूला झाल्या. आत कूलरसमोर चादर अंथरलेली होती आणि तीवर भिवापुरी मिरच्यांचा ढीग. वर्षाच्या तिखटाची तयारी चालली होती. ठवरे मांडी घालून देठं खुडत होते.

"ये," ते म्हणाले. तिचं नाव घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला, पण घेतलं. "केतकी. बस. हात लाव."

ती बसली आणि खुडू लागली. इंजेक्शनांनी आजार थोपला होता, असं डॉक्टरांचं म्हणणं. गेलेलं परत येणार नव्हतं. बराच वेळ नुसती देठं तुटत राहिली.

"माझ्या जागी कोण आलं?" ठवऱ्यांनी विचारलं.

वनिताताईंचे हात थांबले.

"कोणी नाही, सर," केतकी म्हणाली. "तुम्हीच आहात. तुमची प्रतिकृती काम करते. तुमच्याच नावाने."

त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. मान डावीकडे कलली.

"बरं करतो का?"

"हो."

"चुकत नाही?"

"अजून तरी नाही."

"मग तो मी नव्हे," ठवरे म्हणाले. "मी चुकायचो. पहिल्या वर्षी तू माझी चूक पकडली होती, गडचिरोलीच्या गाड्यांची. घाबरत घाबरत आली होती सांगायला. त्या दिवशी मी वनिताला म्हटलं, ही पोरगी कामाची आहे." त्यांनी पुढची मिरची उचलली. "जुनं सगळं आठवते. सकाळचं नाही आठवत."

वनिताताई उठून आत गेल्या आणि पन्ह्याचे तीन पेले घेऊन आल्या. एक त्यांनी केतकीसमोर ठेवला. बोलल्या काही नाहीत, पण ठेवला.

सोमवारी सकाळी केतकीने साक्षीचं पान उघडलं. 'ही प्रतिकृती मूळ कर्मचाऱ्याप्रमाणे काम करते काय?' खाली होय, नाही. 'होय' आधीच निवडून ठेवलेलं होतं. साक्ष नाकारली तर प्रतिकृती बंद होणार, जागा रिकामी पडणार आणि माणूस मिळेपर्यंत ते काम तिलाच हातांनी करावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. आपण काय करणार ते पुण्यात कुणाला आधीच कळलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला. आपल्या प्रतिकृतीने काय ओळखलंय ते बघायची सोय होती, पण तिने बघितलं नाही.

तिने 'नाही' निवडलं. पानाने कारण विचारलं. तिने लिहिलं : 'ठवरे सर चुकायचे.'

मिरच्यांनी बोटं रात्रभर जळत राहिली होती. तूप लावूनही आग गेली नव्हती आणि कळ दाबताना ती पुन्हा उठली. केतकी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. यादीतलं नाव दिसेनासं झालं. थोड्या वेळाने भंडाऱ्याहून एक तक्रार आली, नवीन, मागे कधी झाली नव्हती अशी. तिने ती उघडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली.